दुखण्याला नाव नको

"दीदी, तुमची चप्पल."

चंपानं मागून हाक मारली तेव्हा नीतू दुकानाच्या पायऱ्या उतरून स्कूटीपर्यंत पोचली होती. तिनं खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती, डावा पाय उघडा होता. वैशाखातली दुपार. भिलाईतल्या सुपेल्याच्या त्या रस्त्यावर डांबर इतकं तापतं की कुत्रीसुद्धा गटारीच्या कडेनं चालतात. आणि तिला काहीच कळलं नव्हतं.

"पट्टा ढिला झाला असेल," ती म्हणाली.

चंपानं चप्पल उलटसुलट करून पाहिली आणि तिच्या पायापाशी ठेवली. पट्टा घट्ट होता.  चंपा दुकानात हूक-बटणाचं काम करायची आणि दीदीच्या बोलण्यावर बोलायची तिला सवय नव्हती.

नीतूचं ब्लाउजचं दुकान होतं. राजनांदगावचं लग्न मोडून ती दुर्गच्या बोरसीला वडिलांच्या घरी परत आली, त्यानंतर स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं. वडील, पंजाबराव, तुमसरकडच्या शेतकरी घरातून तरुणपणी भिलाईला आले, स्टील प्लांटच्या मिलमध्ये राबले आणि तिथूनच रिटायर झाले. यंदा होळीच्या आसपास नीतूची आई, वच्छला, गेली. आजारपण लांबलं होतं, पण प्लांटच्या दवाखान्यात औषधपाण्याची आबाळ कधी झाली नाही. पंजाबरावांच्या दवाखान्याच्या कार्डावर तिचं नाव होतं, तेवढं पुरलं.

तेराव्यानंतर पंजाबराव ते कार्ड हातात घेऊन ओसरीत बसले होते.

"यात तुहं नाव नाई, नीतू," ते म्हणाले.

"मले काय झालं आहे, बाबा?"

"आज नाई झालं. पन उद्या काही झालं, अन् मी नसलो, तं? तू स्वतःचा इन्शुरन्स पाहून घे. चार कंपन्या पाय, जे बरं वाटन ते घे. पन घे."

आता चप्पल सुटल्याचंही तिनं त्यांना सांगितलं नाही. सकाळी ब्लाउज कापायला मान खाली घातली की पाठीच्या मधून वीज उतरल्यासारखं होतं, हेही नाही. त्याआधी काही आठवडे सुईत दोरा ओवायला वेळ लागू लागला होता. तिला वाटलं, चष्मा लागला असेल.

धर्मेंद्र रविवारी आला. तो त्यांच्याच गल्लीत वाढलेला, त्याचे वडील रेल्वेत होते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पॉलिसी विकायचा. वच्छला दवाखान्यात असताना त्यानं रक्त दिलं होतं आणि कुणी न सांगता डबे पोचवले होते, म्हणून या घरात त्याला चहा विचारावा लागत नसे, तो आपोआप यायचा. त्यानं टेबलावर तीन कंपन्यांची माहितीपत्रकं मांडली.

"ही पहिली, काकाजी. हप्ता कमी आहे. पण खोलीच्या भाड्याची लिमिट आहे. त्याच्यावरची खोली घेतली तर सगळंच बिल त्या हिशेबानं कापते, ऑपरेशनचं भी."

"मंग ते स्वस्त कसं?" पंजाबराव म्हणाले.

"तेच सांगून राहिलो ना. ही दुसरी. खोलीची काही लिमिट नाही, लेकिन आपल्या दुर्ग-भिलाईत हिचे दवाखाने कमी. मोठं काही निघालं तर रायपूरला जा लागते. आणि ही तिसरी, हिचं सगळं मोबाईलवर. ऑफिस-बिफिस काही नाही."

"अन् अडचन आली तं?"

"फोन करायचा."

"कोन उचलते तो फोन?"

धर्मेंद्र हसला. नीतू हसली नाही. कापड घेताना ती आधी उलटी बाजू पाहायची, शिवण तिथे कळते. तसंच तिनं दुसऱ्या कंपनीचं पत्रक मागून उघडलं. शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात आजारांची एक यादी होती, पॉलिसी घेतल्यावर दोन वर्षं ज्यांचा खर्च मिळणार नाही अशा आजारांची. मोतीबिंदू, हर्निया, मुतखडा. त्यांच्याखाली मणक्याचे आणि मानेचे विकार.

तिचा हात मानेकडे गेला. वडील आपल्याकडेच पाहताहेत हे लक्षात येऊन तिनं केस सारखे केले आणि हात खाली घेतला. बाकीच्या दोन पत्रकांच्याही मागच्या बाजू तिनं पाहिल्या. शब्द थोडे वेगळे होते, यादी तीच होती.

धर्मेंद्रला पोचवायला ती फाटकापर्यंत गेली.

"समज, कोणाले थोडा त्रास असला," ती म्हणाली, "हाताला मुंग्या, असं काही. तर?"

धर्मेंद्रनं मोटरसायकलची चावी फिरवायची थांबवली. "डॉक्टरले दाखवलं?"

"नाही."

"मग आता दाखवू नका, दीदी. एकदा डॉक्टरनं लिहिलं की ती पुरानी बिमारी झाली. कोणतीच कंपनी मग सीधी घेणार नाही. आधी पॉलिसी घ्या, ती थोडी जुनी होऊ द्या, फिर आराम से दाखवा." मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "सगळेच असं करतात. आणि तुम्ही मला काही विचारलं नाही, मी काही ऐकलं नाही. ठीक आहे?"

ती आत आली तेव्हा पंजाबरावांनी विचारलं, "काय म्हने धर्मेंद्र?"

"काही नाही. लवकर ठरवा म्हणे."

पण तिनं लवकर ठरवलं नाही. रोज जेवण झालं की ती मोबाईल घेऊन बसायची. या कंपनीत ते बरं, त्या कंपनीत हे. कुणी किती क्लेम नाकारले, कुणाच्या नावानं लोक काय काय लिहितात, ती वाचत राहायची. एका बाईनं लिहिलं होतं की तिच्या नवऱ्यानं कधीकाळी पाठदुखीसाठी घेतलेल्या गोळीची चिठ्ठी सापडली आणि सगळा क्लेम गेला. नीतूनं ते पुन्हा पुन्हा वाचलं. तिच्याजवळ कसलीच चिठ्ठी नव्हती. तिला ते बरं वाटलं. नाव पडत नाही तोवर हे दुखणं नाहीच, असं तिनं मनाशी धरलं, आणि मग ती कंपन्यांची तुलना करत बसली की तेवढा वेळ तिला हाताची आठवण व्हायची नाही. स्क्रीनवर बोट मात्र एका जागी टेकवावं तर भलत्याच जागी टेकायचं.

पावसाळा लागला. पंजाबराव अधूनमधून विचारायचे, "झालं का तुहं?" ती म्हणायची, "पाहून राहिली, बाबा."

"किती पायतं? पोरीले स्थळ पायल्यासारखं करून राहिली तू."

निशा गणपतीच्या आधी ब्लाउज टाकायला आली. दोघी प्लांटच्या वसाहतीतल्या सेक्टरच्या शाळेत एका बाकावर बसलेल्या. निशा आता एका खासगी दवाखान्यात इन्शुरन्सच्या टेबलावर काम करायची. पेशंटचे कागद कंपनीकडे पाठवायचे आणि कंपनीचं उत्तर नातेवाइकांना सांगायचं, हे तिचं काम. कोणत्या कंपनीचं उत्तर कसं येतं हे तिला चांगलं ठाऊक होतं, म्हणून नीतूनं तिलाच विचारलं की तीन कंपन्यांतली कोणती घेऊ.

 निशा नीतूच्या हाताकडे पाहत होती. नीतू निशाचंच कापड कापत होती, आणि कात्री खडूच्या रेघेवरून घसरून बाहीच्या आत शिरली होती. चंपा हातातलं काम थांबवून उभी राहिली.

"हे कधीपासून आहे?" निशानं विचारलं.

"काय?"

"हात."

"काही नाही. कात्री बोथट झाली."

निशानं तिच्या हातातली कात्री काढून घेतली आणि स्वतःचा हात पुढे केला. "दाब. जोरानं दाब."

नीतूनं दाबलं.  निशा म्हणाली, "एवढाच जोर लावून राहिली तू?"

चंपाला चहा आणायला पाठवून निशा स्टुलावर बसली. "उद्या माझ्यासोबत ये. आमच्याकडे न्यूरोवाले डॉक्टर आहेत, मी नंबर लावते."

"पॉलिसी झाल्यावर येते."

"नीतू, मी रोज असे लोक पाहते. पॉलिसी पिकवत बसतात अन् इकडे माणूस सडते."

"तुले बोलायला काय जाते? तुह्या नवऱ्याची सरकारी नोकरी आहे. तू, तुझी पोरं, सगळे कार्डावर. मी कोणाच्या कार्डावर आहे?"

 जाताना निशा एवढंच म्हणाली, "ब्लाउजचं राहू दे. तू ये."

नीतू गेली नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं धर्मेंद्रला फोन करून दुसरी कंपनी घ्यायची म्हणून सांगितलं.

कंपनीतून फोन आला तेव्हा ती दुकानात एकटी होती. पलीकडे एक मुलगी होती, हिंदीत बोलणारी, आवाज गोड आणि घाईचा. बोलणं रेकॉर्ड होत आहे, असं तिनं आधीच सांगितलं. साखर आहे का, रक्तदाब आहे का, कधी दवाखान्यात भरती झाला होता का. नीतू नाही नाही म्हणत गेली, आणि ते सगळं खरं होतं. मग मुलीनं विचारलं, "हाथ-पैर में कमज़ोरी, सुन्नपन, चलने में कोई तकलीफ़?"

मोबाईल नीतूनं खांदा आणि कानाच्या मध्ये धरला होता, कारण हातात धरला की तो सुटायचा.

"नहीं," ती म्हणाली.

"थैंक यू, मैडम. स्वस्थ रहिए."

पॉलिसी आली. पंजाबरावांनी देवापुढे साखर ठेवली. "आता माह्या जिवाले घोर नाई," ते म्हणाले. त्या दिवशी नीतूला जेवण गेलं नाही.

आता फक्त वाट पाहायची होती. किती, ते तिनं ठरवलं नव्हतं. यादीप्रमाणे दोन वर्षं. पण हे मणक्याचं नसेलच, हाताच्या एखाद्या शिरेचं असेल, जीवनसत्त्वाचं असेल, असं ती स्वतःला सांगायची. तोवर तिनं राहण्याची रीत बदलली. चपला सोडून मागून पट्टा असलेल्या सँडल घेतल्या. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरू लागली. साडीच्या निऱ्या बसेनात म्हणून कुर्ते घालू लागली, तेही बिनबटणाचे. नवरात्राच्या घागऱ्यांची गर्दी झाली तेव्हा कापायचं काम तिनं चंपाला दिलं आणि स्वतः गिऱ्हाइकांशी बोलत बसली. चंपाचा हात बसलेला नव्हता. दोन जुन्या बायका कापड परत घेऊन गेल्या. त्या का गेल्या हे नीतूनं विचारलं नाही.

घरी अंघोळीला डोळे मिटून डोक्यावर पाणी घेतलं की ती डोलायची. एकदा तिनं नळ धरला म्हणून वाचली. बाहेर आली तर पंजाबराव दारासमोरच उभे.

"तुले काही होऊन राहिलं का, नीतू?"

"नाही, बाबा."

"जिन्यावर तू भिंत धरून चालते."

"पाय घसरते तिथे. तुम्ही पण धरत जा."

पंजाबरावांनी त्यानंतर विचारलं नाही. पण संध्याकाळी ती परतायच्या वेळेला ते फाटकाशी खुर्ची टाकून बसू लागले. ती गल्लीत वळून घरापर्यंत येईस्तोवर ते तिच्याकडे पाहत राहायचे, आणि ती आत गेल्यावर खुर्ची उचलायचे.

दिवाळी तोंडावर आली होती. सकाळची वेळ, सुपेल्याच्या चौकात पणत्यांच्या आणि झाडूंच्या गाड्या लागलेल्या. नीतूच्या स्कूटीपुढचा मालवाहू टेम्पो थांबला. तिला तो थांबलेला दिसला, अंतर भरपूर होतं. तिनं ब्रेक दाबला. म्हणजे दाबावा असं तिनं मनात आणलं. बोटं ब्रेकवर होती, ती तिला दिसत होती, आणि ती वळली नाहीत. टेम्पोचं मागचं फळकूट जवळ येत गेलं. ओरडावं असंही तिला सुचलं नाही. ती फक्त आपल्या बोटांकडे पाहत राहिली.

शुद्ध गेली नाही. रस्त्यावर पडल्या पडल्या तिला लोकांचे पाय दिसत होते, कुणीतरी पाणी मागत होतं, कुणीतरी टेम्पोवाल्याला शिव्या देत होतं. तिला उठायचं होतं. पण कमरेखाली आपलं काही आहे की नाही तेच तिला कळेना.

तिला निशाच्याच दवाखान्यात आणलं, कारण तो जवळ होता. निशा टेबल सोडून धावत आली, तिनं कपाळावरचं रक्त पुसलं, पंजाबरावांना फोन केला आणि एक शब्दही वाकडा बोलली नाही. पंजाबराव आले. धर्मेंद्रही आला, तिला मानेला पट्टा लावून एमआरआयला नेईपर्यंत स्ट्रेचरच्या बाजूनं चालत राहिला. पायांत थोडी थोडी जाणीव परत येत होती, जळजळीसारखी. हात मात्र चादरीवर पडून होते.

धर्मेंद्र वाकून तिच्या कानाशी बोलला. "दीदी, ऐका. ॲक्सिडेंट पहिल्या दिवसापासून कवर आहे. त्याला दोन वर्षांची अट नाही. डॉक्टरनं विचारलं तर म्हणा, आजच झालं. याच्या आधी काहीच नव्हतं. एवढंच म्हणा, सगळं कंपनी भरेल."

नीतूनं डोळे मिटले. त्याचं बोलणं खरं होतं. इतके महिने ती ज्याची वाट पाहत होती ते एका वाक्यावर येऊन ठेपलं होतं.

डॉक्टर एमआरआय पाहून आले. वयानं लहान होते, बोलणं तुटक, पण ते तिच्या डोळ्यांत पाहून बोलत होते. मानेत मज्जारज्जूवर दाब आहे, ते हिंदीत म्हणाले. काही सूज आजच्या धक्क्याची दिसते. काही हाडं जुनी वाढलेली वाटतात. "आज से पहले हाथों में कुछ था? चलने में? ठीक से सोचकर बताइए. सब आज का है तो मी सूज उतरायची थोडी वाट पाहू शकतो," मराठी घर आहे हे लक्षात येऊन ते बोलता बोलता मोडक्या मराठीत आले, "पण आधीपासून वाढत असेल, तर थांबणं बरोबर नाही. मग मान लवकर उघडावी लागेल, आणि जास्त उघडावी लागेल."

 धर्मेंद्र खिडकीबाहेर पाहत होता. निशा दारात उभी होती, हातात कागद, तेच कागद जे तिला कंपनीकडे पाठवायचे होते. नीतूनं वडिलांकडे पाहिलं. पंजाबराव पलंगाची दांडी धरून उभे होते.   तिचं दुखणं त्यांना आधीपासून माहीत होतं, हे तिला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत दिसलं. तिच्यासाठी ते खोटंही बोलले असते, हेही दिसलं.

"उन्हाळ्यापासून आहे," नीतू म्हणाली. "वाढत गेलं. मी कोणालाच सांगितलं नाही."

डॉक्टरांनी मान हलवली आणि ते लिहायला लागले. धर्मेंद्र खोलीबाहेर गेला. पंजाबराव स्टूल ओढून बसले आणि त्यांनी तिच्या पायावर हात ठेवला.

"मले दिसून राहिलं होतं, बाई," ते म्हणाले. "मी कावून नाई विचारलं नीट?"

"विचारलं होतं तुम्ही. मी नाही म्हटलं."

ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी झालं. कंपनीचं उत्तर यायला मात्र वेळ लागला. ते निशाच्याच टेबलावर आलं आणि तिनंच येऊन सांगितलं. आजार लपवला म्हणून क्लेम नामंजूर, पॉलिसीही रद्द. बिल भागवायला तुमसरकडची पंजाबरावांच्या वाट्याची जमीन विकली गेली. त्याबद्दल त्यांनी घरात एकदाही तोंड उघडलं नाही, म्हणून नीतूलाही उघडता आलं नाही. धर्मेंद्र पुन्हा आला, कोपऱ्यात बसला, चहा थंड होऊ दिला. बाकीच्या दोन कंपन्यांत विचारून पाहतो, म्हणाला. पण प्रत्येक कंपनी आता एक प्रश्न विचारणार होती, आधी कुणी तुम्हाला नाकारलं आहे का. त्याचं उत्तर आता ठरलेलं होतं.

उजवा हात बराचसा परत आला. डावा तेवढा आला नाही. डॉक्टर म्हणाले, जे गेलं ते गेलं, पुढचं वाचलं. तुम्ही लवकर आला असता तर, एवढं बोलून ते थांबले, आणि नीतूनं त्यांना वाक्य पुरं करायला लावलं नाही. निघताना त्यांनी आणखी एक सांगितलं. दुरुस्त केलेल्या जागेच्या खालच्या मणक्यातही जागा कमी होत चालली आहे. आज काही करायचं नाही. पण लक्ष ठेवायचं. काही जाणवलं, कितीही लहान, तरी त्याच दिवशी यायचं.

नीतू दुकानात जाऊ लागली, काठी घेऊन, रिक्षानं. चंपाच्या बाजूला बसून ती तिला कापायला शिकवायची. खडू तिच्या उजव्या हातात टिकत होता, रेघ सरळ यायची. पोर हळूहळू धिटावली होती. गिऱ्हाइकं सगळी परतली नाहीत, काही परतली.

माघातल्या एका सकाळी ती अंगणात उन्हाला बसून लसूण सोलत होती. सोललेली पाकळी तिच्या बोटांतून सटकून खाली पडली. तिनं दुसरी घेतली. तीही पडली. उजव्या हाताची करंगळी तिनं अंगठ्यानं दाबून पाहिली. दाबलेलं कळत होतं, पण मधे कापड ठेवल्यासारखं. कदाचित थंडीनं असेल. हात तिनं मांडीवर उन्हात धरला आणि थोडी थांबली. ऊन चांगलं होतं. करंगळी तशीच राहिली.

"बाबा," तिनं हाक मारली.

पंजाबराव दारात आले.

"माही करंगळी बधिर वाटून राहिली. आत्ता, थोड्या वेळापासून."

त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे. काही न बोलता ते आत गेले. खुंटीवरून सदरा काढल्याचा आवाज आला, मग निशाला फोन लावल्याचा. नीतूनं लसणाचं ताट बाजूला सारलं, काठी ओढून घेतली आणि उठायला लागली.